माळीवाडा ते चिकलठाणा

आमच्या घरात एसटीच्या गाडीचा नंबर बघण्याची जुनी सवय आहे. गाडी फलाटाला लागली की आधी नंबर वाचायचा, गावाची पाटी नंतर. एमएच २० असेल तर गाडी ‘आपली’. एमएच १२ किंवा १४ असेल तर पुण्याची, एमएच ३१ किंवा ४० असेल तर नागपूरची. एसटीची गाडी ज्या कार्यशाळेत बांधली जाते, तिथल्याच आरटीओत तिची नोंदणी होते. मग ती पुढे सावंतवाडी आगारात जावो की गडचिरोलीच्या जंगलात, नंबर जन्मगावाचाच राहतो. महामंडळाच्या अशा तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. पुण्याला दापोडी, नागपूरला हिंगणा आणि औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, चिकलठाणा. आमचे मामू चिकलठाण्याला पस्तीस वर्षे कामाला होते, म्हणून एमएच २० आपली.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे धाकट्याला घेऊन मामूंकडे निघालो, ते मात्र नुसते भेटायला नव्हे. धाकट्याने आयटीआयला शीट मेटलचा ट्रेड पूर्ण केला आहे. हातात कौशल्य आहे आणि समोर दोन वाटा आहेत. एक एजंट त्याला दम्मामला एसीच्या डक्टच्या कामावर पाठवायला तयार होता आणि पासपोर्टही त्याने ठेवून घेतला होता. दुसरीकडे एसटीच्या कार्यशाळेत शिकाऊ उमेदवारांची भरती निघाली होती. तिथे विद्यावेतन थोडे, मुदत एक वर्षाची आणि पुढे कायम होण्याची खात्री नाही. घरात पंधरा दिवस हाच विषय चालला होता. दादी म्हणत होत्या, पोरगा डोळ्यांसमोर राहू द्या. अब्बांच्या मनात बहिणीच्या निकाहाचा खर्च होता. आम्हांला दोघांचेही पटत होते. शेवटी ठरले की ज्याने आयुष्यभर पत्रा ठोकला त्याला विचारावे.

माळीवाड्याच्या स्थानकावर आम्ही तिकिटाच्या हिशेबात पडलो. एक पूर्ण, एक पूर्ण आणि एक अर्धे. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आमच्या घरातल्या बायकांचे माहेर जवळ आले आहे, हे मान्य करायलाच हवे. गाडी एमएच २० निघाली. धाकट्याने नंबर बघितला, पण बोलला काही नाही.

याच माळीवाड्यातून एसटीची पहिली गाडी सुटली. तारीख १ जून १९४८, सकाळची वेळ, मार्ग अहमदनगर ते पुणे. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. तोवर सगळी वाहतूक खासगी मोटारवाल्यांच्या हाती होती. गाडी भरेल तेव्हा निघायची आणि मालकाच्या मर्जीने थांबायची. सरकारी गाडी येणार म्हणून त्या लोकांचा रोष होता, त्यामुळे पुण्यात शिरताना या गाडीला पोलिसांचा बंदोबस्त द्यावा लागला, असे जुने लोक सांगतात. सुपे, शिरूर, वाघोली अशा वाटेवरच्या गावांत माणसे ती गाडी बघायला रस्त्यावर येऊन उभी राहिली होती.

ती गाडी आज आपल्यासमोर आली तर ओळखूही यायची नाही. चासी बेडफर्डची, बॉडी लाकडाची, आसने काथ्याची, बसायला तीसच जागा आणि रंग निळा-चंदेरी. सुरुवातीला अशा तीस बेडफर्ड गाड्या होत्या. त्यानंतर मिळेल त्या कंपनीची चासी घेतली गेली: शेवरोलेट, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. प्रत्येकीची लांबी निराळी, इंजिनाची जागा निराळी. यावर साचा एक ठेवून बॉडी बांधायची म्हणजे शिंप्याकडे दहा अंगलोटांची माणसे एकाच मापाचा शेरवानी शिवून मागायला आली, तसा प्रकार. पन्नासच्या दशकात पुणे–महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिरियारोहिणी’ या दोन आराम गाड्याही धावत. त्यांना पडदे होते, हिरव्या काचा होत्या, आत घड्याळसुद्धा होते. आज वातानुकूलित गाडीतही घड्याळ धड चालत नाही, असे आमच्या शेजारच्या सीटवरचे आजोबा म्हणाले. ते आमचे बोलणे ऐकत होते.

तारकपूर सोडले आणि गाडी औरंगाबाद रस्त्याला लागली. इमामपूरचा घाट, मग घोडेगाव. पुढे नेवासे फाटा आणि प्रवरासंगम. पूल आला की आमच्या अम्मी पूर्वी पदर सावरून नदीकडे बघत आणि म्हणत, “आता आमचा मुलूख सुरू.” लहानपणी आम्हांला वाटायचे माहेराचे कौतुक आहे. पण ते अक्षरशः खरे होते. १९४८ पर्यंत गोदावरीच्या अलीकडे मुंबई इलाखा होता आणि पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. माळीवाड्यातून पहिली एसटी सुटली त्या जूनमध्ये या पुलापलीकडे दुसरेच राज्य होते. सप्टेंबरात ते राहिले नाही. त्या सप्टेंबराच्या आठवणी मराठवाड्याच्या घराघरांत आहेत, आणि घरागणिक निराळ्या आहेत.

पण पलीकडच्या मुलखात सरकारी मोटार आपल्या आधीपासून होती. निजाम सरकारने १९३२ मध्ये रेल्वेच्याच खात्यात रस्ता वाहतूक सुरू केली. सुरुवात २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढ्यावर झाली. गाड्या अल्बियनच्या, स्कॉटलंडमध्ये तयार झालेल्या. त्यांतली एक जुनी गाडी हैदराबादला अजून जपून ठेवली आहे. तिकडच्या एसटीच्या नंबरात इंग्रजी ‘झेड’ हे अक्षर दिसते. ते निजामाच्या वालिदा जहरा बेगम यांच्या नावाचे आद्याक्षर आहे असे सांगतात. आईचे नाव गावोगाव फिरते ठेवण्याची ही रीत आम्हांला तरी आवडते.

आमचे नाना, मामूंचे वालिद, या निजामी खात्यात सुतार होते. रेल्वे आणि मोटारी एकाच खात्यात असल्यामुळे ते स्वतःला अखेरपर्यंत ‘रेल्वेवाले’ म्हणवून घेत, जरी रुळावरच्या डब्याला त्यांनी कधी हात लावला नसला तरी. १९५१ मध्ये रेल्वे केंद्राकडे गेली आणि मोटारी हैदराबाद राज्याकडे राहिल्या. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा मोटारी आणि माणसेही तिकडे आली. तसेच विदर्भाची प्रांतिक वाहतूकही येऊन मिळाली. १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले. म्हणजे नानांनी एकाच रंध्याने तीन सरकारांची नोकरी केली. कागद उर्दूतून इंग्रजीत गेले, इंग्रजीतून मराठीत आले. नाना म्हणत, “सरकार बदललं, सागवान तेच होतं.”

मर्हूम नानांकडून ऐकलेले लाकडी बॉडीचे काम थोडे सांगायला हवे, कारण ते करणारे आता कोणी उरले नसतील. आधी चासीवर आडव्या तुळया बसवायच्या. त्यांवर दोन्ही बाजूंनी खांब उभे करायचे. खांबांवर कमानी ठेवायच्या. एका लाकडात खोबण, दुसऱ्याला कुसू, आणि सांधा आवळायला लोखंडी पट्ट्या. बाहेरून पत्रा. घराचे छप्पर आणि गाडीचे छप्पर यांत फरक एवढाच की घर हलत नाही. गाडी मात्र दिवसभर हलते, पावसात फुगते, उन्हात आकसते. सहा महिन्यांत प्रत्येक सांधा बोलू लागतो. नाना घरी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून सांगत की मागच्या दरवाजाचा खांब ढिला झाला आहे.

पुढे लाकूड जाऊन पोलाद आले. मग १९६० मध्ये पोलाद जाऊन ॲल्युमिनियम आले, आणि रंगही निळा-चंदेरी जाऊन लाल झाला. ॲल्युमिनियम येण्याचे मुख्य कारण कोकण. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे पोलादी पत्रा टिकेना. आमची एक खाला श्रीवर्धनला दिलेली आहे. तिच्याकडे खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, तर रस्त्यावर उभ्या गाडीचे काय होत असेल याची कल्पना करावी. ॲल्युमिनियम तांबड्या गंजाने खात नाही. शिवाय तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या तुलनेत त्याचे वजन साधारण तिसरा हिस्सा. गाडी हलकी झाली की डिझेल वाचते आणि माणसे जास्त बसवता येतात. जागा तीसवरून पंचेचाळीस झाल्या, पुढे चौपन्न झाल्या.

नानांसारख्या सुतारांचे त्यात काय झाले? नोकरी गेली नाही, अल्हमदुलिल्लाह. पण काम गेले. खांब आणि कमानी ज्यांच्या हातून उभ्या राहत, ते तळाच्या फळ्या आणि आसनांच्या चौकटी करू लागले. नाना याबद्दल कधी तक्रार करत नसत. फक्त मामू कामाला लागले तेव्हा त्यांनी बजावले होते, “लाकडाच्या खात्यात जाऊ नको. पत्र्याच्या खात्यात जा.”

हे सगळे बोलता बोलता वाळूज आले, नगर नाका आला, आणि दुपारी आम्ही मध्यवर्ती स्थानकावर उतरलो. रोशन गेटला मामूंच्या घरी जाऊन वुजू करून जोहर पढलो. मामींनी नान-खलिया केला होता. औरंगाबादला जाऊन नान-खलिया न खाता परतणे म्हणजे मामींशी भांडण. जेवताना धाकट्याचा विषय निघाला नाही. मामूंनीच काढू दिला नाही. “आधी चला,” ते म्हणाले, “जागा बघू.”

जालना रस्त्याने क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको, मुकुंदवाडी. मामू कामाला जात तेव्हा हा रस्ता सायकलीचा होता. आता रिक्षातही जीव मुठीत धरावा लागतो. चिकलठाण्याला कार्यशाळेच्या फाटकापाशी उतरलो. आत जायची परवानगी आम्ही घेतलेली नव्हती, आणि निवृत्त माणसाने फाटकावर ओळख सांगून आत शिरणे मामूंना पसंत नाही. म्हणून समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. तिथून फाटक दिसते, आत-बाहेर होणाऱ्या गाड्या दिसतात, आणि पाळी सुटली की माणसेही.

“इथं चासी यायची,” मामू म्हणाले. नगरलाही आम्ही त्या बघितल्या आहेत, रस्त्याने चाललेल्या उघड्यावाघड्या चासी. इंजिन, चाके, सुकाणू आणि एक सीट. त्यावर तोंडाला रुमाल गुंडाळलेला चालक. ना टप, ना काच, ना दार. टाटाच्या आणि अशोक लेलँडच्या अशा चासी दूरदूरच्या कारखान्यांतून वाऱ्या-पावसात चालवत आणत. लहानपणी आम्हांला त्या चालकांचा हेवा वाटायचा. मामूंना मात्र त्यांची दया यायची. थंडीत फाटकावर पोचलेल्या माणसाची बोटे सुकाणूवरून सुटत नसत, आधी चहा पाजावा लागे.

त्या सांगाड्यावर बॉडी कशी चढते, हे मामूंनी धाकट्याला चहाच्या बाकावर बोटाने रेघा काढून दाखवले. आधी तळ. चासीच्या लांब पट्ट्यांवर आडवे दांडे, ते बोल्टने घट्ट. मग खांब, मग छताच्या कमानी. खिडक्यांच्या खाली आणि वर लांबच्या लांब पट्ट्या. असा पिंजरा तयार झाला की पत्रा चढवायचा. ॲल्युमिनियमचे काम रिव्हेटचे. पत्रा आणि खांब एकत्र धरून भोक पाडायचे, बाहेरून रिव्हेट घालायचा. बाहेरचा माणूस हवेच्या गनने ठोकतो. आतला माणूस रिव्हेटच्या शेपटावर लोखंडाचा जड ठोकळा दाबून धरतो. त्याला डॉली म्हणतात. गनचा मार आणि डॉलीचा आधार यांच्यामध्ये शेपूट चपटे होऊन बसते. डॉली तिरपी धरली तर रिव्हेट वाकडा बसतो, आणि उशिरा धरली तर पत्र्याला पोचा पडतो. दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही, मधे पत्रा असतो. आवाज इतका की बोलणे शक्य नाही. एक टकटक म्हणजे पुढे चल, दोन टकटक म्हणजे पुन्हा मार.

मामू डॉलीवर होते. गनवर फुलंब्रीकडचा एक माणूस. दोघांनी वीस वर्षांहून अधिक काळ एकाच पत्र्याच्या दोन बाजूंनी काम केले. रमजानात दुपारनंतर तो माणूस मामूंना खाली बसवून छोटी कामे देई आणि जड डॉली दुसऱ्या कोणाला तरी धरायला लावी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा व्हायची, तेव्हा मामू गन आणि डॉली पुसून लखलखीत करून त्याच्या हाती देत. पूजा त्याने करायची, पेढे दोघांनी वाटायचे. मागच्या साली तो वारला. मामू मयतीला फुलंब्रीला गेले होते, एसटीनेच. एवढेच सांगून ते गप्प झाले आणि आम्हीही पुढे विचारले नाही.

मग धाकट्याने पहिला प्रश्न विचारला. रिव्हेट ढिला झाला हे बाहेरून कसे कळते? मामूंचा चेहरा उजळला. तेवढ्यात एक जुनी लाल गाडी फाटकासमोर थांबली होती. त्यांनी त्याला हाताला धरून तिच्या कुशीपाशी नेले. रिव्हेट घट्ट असेल तर त्याच्या भोवती पत्रा स्वच्छ असतो. ढिला असेल तर तो चालत्या गाडीत पत्र्याशी घासतो, आणि त्या भुकटीची काळसर रेघ रिव्हेटपासून मागे ओढली जाते. “ही बघ, ही बघ, आणि ही.” गाडीचा चालक खिडकीतून बघत होता. त्याला वाटले कोणी साहेब तपासणीला आले आहेत.

पुढचे मामूंनी सांगितले ते थोडक्यात असे. बॉडी पूर्ण झाली की तिच्यावर चहूबाजूंनी पाणी सोडून बघायचे, आत कुठे थेंब दिसला की पुन्हा काम. मग रंग, मग आसने, मग नंबर. १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडच्या वेळी निम-आराम गाडी आली, दोन-दोन सीटची. लोकांनी तिचे नावच एशियाड ठेवले, आता ती हिरकणी आहे. तीन-दोनच्या लाल गाडीवर काम केलेल्या माणसाला दोन-दोनची गाडी बांधणे म्हणजे वलिम्याचा मंडप घालण्यासारखे वाटे, असे मामू म्हणतात.

आता ॲल्युमिनियमचीही पाळी संपत आली आहे. अपघातात ॲल्युमिनियमचा पत्रा फाटतो आणि सांधे सुटतात. पोलाद वाकते, पण एकदम सुटत नाही, आणि ते वेल्डिंगने एकसंध करता येते. केंद्र सरकारने बस बॉडीसाठी एआयएस ०५२ हा नियमसंच लागू केला. त्यात सांगाड्याची ताकद, दारे, संकटकाळी बाहेर पडायच्या वाटा, सगळ्याची मापे घालून दिलेली आहेत. पोलादही आता पूर्वीसारखे उघडे नसते, गंजरोधक थर देऊनच वापरतात. गेल्या आठ-दहा वर्षांत महामंडळाने माइल्ड स्टीलची बॉडी धरली. चासी चांगली पण बॉडी थकलेली अशा जुन्या गाड्याही कार्यशाळांतून ॲल्युमिनियम उतरवून पोलादाचा नवा सांगाडा घेऊन बाहेर पडल्या. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी बंद झाले, तेव्हा याच कार्यशाळांनी जुन्या गाड्यांची आसने काढून, खिडक्या बंद करून मालवाहू गाड्या केल्या. पत्र्याच्या माणसाला काम राहिले ते असे.

“आम्ही पोलाद घालवून ॲल्युमिनियम आणलं,” मामू हसून म्हणाले. “आता ही पोरं ॲल्युमिनियम घालवून पोलाद आणतायत. आमच्या अब्बांचं लाकूड तेवढं परत यायचं राहिलं.”

पण खरी गोष्ट त्यांनी हसून सांगितली नाही. ती त्यांनी रिकामा कप बाजूला ठेवून सांगितली. कोविडच्या आधी एसटीकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, त्या पुढे कमी होत गेल्या. जुन्या भंगारात गेल्या, नव्या तितक्या आल्या नाहीत. मधे २०२१-२२ चा सहा महिन्यांचा संप झाला. आता नव्या गाड्या येत आहेत, पण बांधून तयार अशा. अशोक लेलँडला २,१०४ गाड्यांची मागणी दिली गेली ती संपूर्ण बांधलेल्या गाड्यांची. चासी नव्हे, गाडीच येणार, फक्त डिझेल भरायचे. पहिली एसटी ज्या मार्गावर धावली त्याच पुणे–नगर मार्गावर १ जून २०२२ ला ‘शिवाई’ ही विजेवरची गाडी सुरू झाली. तीही बाहेरून बांधून आलेली. भाड्याच्या गाड्या असतील तर त्यांचा पत्रा, त्यांचा चालक, सगळे मालकाचे. मग कार्यशाळेने काय करायचे? दुरुस्ती, अपघातातल्या गाड्या उभ्या करणे, जुन्यांची नवी बॉडी. काम आहे. पण रांगेने नव्या चासी उभ्या आहेत आणि एका टोकाला रोज नवी गाडी रंग वाळवत उभी आहे, ते दिवस मामूंना पुन्हा दिसण्याची आशा नाही.

आमच्या मते यात एकट्या महामंडळाला बोल लावण्यात अर्थ नाही. कारखान्यात एका साच्यातून निघालेली गाडी नियमांच्या कसोटीला उतरवणे सोपे जाते, हे खरेच आहे. तमिळनाडूतल्या करूरसारख्या गावांत बस बांधणीचे शेकडो हात आहेत, त्यांनाही या नियमांशी जुळवून घ्यावे लागले. पण ज्या कार्यशाळांनी खेड्यातल्या पोरांना पत्रा, वेल्डिंग आणि रंग शिकवले, त्या नुसत्या दुरुस्तीच्या जागा होऊन राहाव्यात, हे काही आम्हांला पटत नाही. मुसलमान घरांतली कितीतरी पोरे गॅरेज लाइनीत उस्तादाच्या हाताखाली शिव्या खात शिकतात. त्यांना कागद मिळत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही. सरकारी कार्यशाळेत शिकलेल्याला ते मिळते, आणि तो कागद दम्मामलाही चालतो.

हे शेवटचे वाक्य मुळात मामूंचे. अखेर धाकट्यानेच विचारले होते, “मामू, तुम्ही माझ्या जागी असता तर?”

मामूंनी लगेच उत्तर दिले नाही. पाळी सुटली होती. फाटकातून माणसे बाहेर येत होती, कुणाच्या हातात डबा, कुणाच्या खांद्यावर पिशवी. तिघा-चौघांनी मामूंना सलाम केला, एकाने “राम राम मामू” म्हटले. ते कामगार नातेवाईक नव्हते, पण मामू तिथे सगळ्यांचेच मामू होते.

“तुझ्या नानांच्या वालिदांनी मला सांगितलं होतं, लाकडाकडे जाऊ नको,” ते म्हणाले. खरे तर म्हणायचे होते तुझ्या बापाच्या नानांनी. उतारवयात नाती अशी एकमेकांत मिसळतात. “ते बरोबर निघालं. पण म्हणून मी सांगेन ते बरोबर निघेल असं नाही, बेटा. इथं वर्षभर शिकशील, वेल्डिंग पक्कं करशील. नुसता पत्रा कापून भागणार नाही, आता सगळं वेल्डिंग आहे. वर्ष संपल्यावर इथं घेतील का? मला नाही वाटत. पण तिकडे जाशील तेव्हा डक्टवाला म्हणून नाही, वेल्डर म्हणून जाशील. पगारात फरक पडेल. आणि आत्ताच जायचं असेल तर जा, मी अडवणार नाही. फक्त पासपोर्ट एजंटकडे ठेवू नको. आपला कागद आपल्या घरात असावा.”

अब्बा त्याचे मध्येच बोलले, की वर्षभर थांबायचे म्हणजे वर्षभराची कमाई गेली. मामू म्हणाले, “गेली.” तेवढेच. पुढे समजावले नाही, आणि त्यामुळेच बहुधा ते पटले.

मगरिब रोशन गेटच्या मशिदीत पढलो आणि रात्र मामूंकडे काढली. सकाळी मामू आम्हांला सोडायला स्थानकावर आले. पंच्याहत्तरी ओलांडली की तिकीटच माफ, अजून तीन वर्षे आहेत, मग रोज नगरला येऊन बसेन, असा त्यांचा विनोद चालला होता. नगरची गाडी लागली ती नवी होती, बांधून आलेली. आतून झकपक, आसने उंच पाठीची. मामूंनी दारातून वाकून आत बघितले, वेल्डच्या एका सांध्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “काम साफ आहे.” हेवा नाही, टोमणा नाही. एका कारागिराने दुसऱ्याच्या कामाला दिलेली ती पावती होती.

प्रवरासंगमाच्या पुलावर आम्ही सवयीने नदीकडे बघितले. धाकटा मोबाइलवर भरतीचा अर्ज भरत होता. मुदत दोन दिवसांनी संपणार होती. जन्मतारखेचा दाखला घरी होता, त्यामुळे अर्ज तिथेच अडकला आणि नगरला पोचल्यावर पूर्ण झाला. एजंटकडून पासपोर्ट परत आणायला तीन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला दादीही बरोबर गेल्या, आणि काम पाच मिनिटांत झाले.

निवड झाल्याचे पत्र आले तेव्हा आम्ही मामूंना फोन लावला. त्यांनी मुबारकबाद दिली आणि विचारले, सेफ्टीचे बूट कुणाकडून घेणार, मापाचे मिळतात का, घट्ट घेऊ नका, दिवसभर उभे राहायचे असते. धाकटा आता रोशन गेटला मामूंच्याच घरी राहतो. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने नगरला येतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जातो. दम्मामचे अजून मनातून गेलेले नाही, असे तो सांगतो. अब्बांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्ष संपण्याची तारीख लिहून ठेवली आहे.